नाशिकच्या सीबीएसजवळचे अर्ज लिहून देणारे काका : पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला तेही सांगते

आधी कामाचं सांगून टाकते, कारण बरेच जण तेवढंच वाचून पुढे जाणार. जुन्या सीबीएसच्या (मध्यवर्ती बस स्टँडच्या) परिसरात, म्हणजे कोर्ट आणि कलेक्टर ऑफिस जिथे एकमेकांच्या शेजारी आहेत तिथे, टायपिंगवाल्यांची जी रांग आहे त्यात हे एक दुकान. नाव नाही. फक्त एक जुना बोर्ड आहे, मराठी इंग्रजी टायपिंग, अर्ज, प्रतिज्ञापत्र, माहिती अधिकार, लग्नपत्रिका व निधनवार्ता मजकूर. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन स्टुलं आणि काका. पानाला पन्नास रुपये, मजकूर त्यांनीच लिहायचा असेल तर वर अजून थोडे, किती ते काम बघून सांगतात आणि घासाघीस केली तर चष्म्यावरून बघतात फक्त.

आता एवढ्याशा दुकानाचा एवढा मोठा रिव्ह्यू कशाला, तर तिथे बाकीचे सगळे जण तुम्ही सांगाल ते टाइप करतात नाहीतर जुन्या अर्जात नाव बदलून देतात, आणि या माणसाला मात्र भाषा कळते. म्हणजे कुठे सरळ लिहायचं आणि कुठे वळसा घालून लिहायचं हे कळतं. मी बऱ्याच शिकलेल्या लोकांना बघितलंय ज्यांना हे कळत नाही, त्यात पीएचडीवालेही आले.

माझं काम असं होतं की आमच्या गल्लीतला रस्ता पाइपलाइनसाठी खोदून ठेवलाय आणि पावसाळा गेला तरी तसाच आहे. आम्ही एका कार्यालयात तक्रार दिली, तिचं उत्तर आलं ते जसंच्या तसं टाकते : "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर कामाबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत असून काम प्रगतीपथावर आहे. तरी सहकार्य करावे." एवढंच. यावर आमच्या गल्लीतल्या रिटायर्ड मास्तरांनी चिडून फुलस्केपची दोन पानं भरून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, सुरुवात "आम्ही सर्व सामान्य करदाते नागरिक या नात्याने अत्यंत व्यथित अंतःकरणाने" अशी, आणि तो टाइप करून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काकांनी मास्तरांचा अर्ज बाजूला ठेवला आणि आधी ते सरकारी उत्तर मागितलं. लाल बॉलपेन घेतलं आणि फक्त क्रियापदांखाली रेघा मारल्या. मग म्हणाले, "ताई, यात माणूस दाखवा मला. कळविण्यात येते, कोण कळवतंय? माहीत नाही. कार्यवाही करण्यात येत असून, कोण करतंय? माहीत नाही. काम प्रगतीपथावर आहे, म्हणजे काम स्वतःच चालत निघालंय. अख्ख्या पत्रात माणसानं करायची गोष्ट एकच आहे बघा, सहकार्य. आणि ते कोणी करायचंय? तुम्ही."

मी तिथेच हसत सुटले. पण खरंच, परत वाचून बघा ते पत्र.

मग लाइट गेली (तिथे जाते), आणि कॉम्प्युटर बंद म्हणजे काकांचं तोंड सुरू, त्यामुळे व्याकरणाचा एक तासच झाला म्हणा ना. ते म्हणाले की या 'ण्यात येते'ला सरसकट शिव्या देऊन उपयोग नाही. "मतमोजणी सकाळी सुरू करण्यात आली" यात कुणी सुरू केली याच्याशी वाचणाऱ्याला देणंघेणं नाही, तिथे ते बरोबर आहे. शाळेत नवीन कर्मणी प्रयोग म्हणून शिकवतात त्यात निदान 'कडून'ला जागा असते, 'रावण रामाकडून मारला गेला', म्हणजे रामाला वाक्याच्या बाहेर नाही काढलेलं. 'रस्ता खोदण्यात आला' म्हटलं की तिथे ठेकेदाराला बसायला खुर्चीच ठेवलेली नाही, हवं तर 'ठेकेदाराकडून' असं लावता येतं पण कोणी लावत नाही, आणि न लावता वाक्य अगदी पूर्ण वाटतं हीच तर त्याची सोय.

आणि शब्द जास्त लागले म्हणजे लगेच भाषा बिघडली असंही नाही म्हणे. मनाच्या श्लोकात 'पाविजे' आहे ना, 'तरी श्रीहरी पाविजे तो स्वभावे', तिथे एका शब्दात जे झालंय त्याला आज आपल्याला 'प्राप्त होतो' नाहीतर 'मिळवला जातो' असे दोन दोन शब्द लागतात. 'आजोबा रोज गंगेवर जात' असं आता कोण बोलतं, 'जायचे' नाहीतर 'जात असत'. इंग्रजीत मोठ्याला शेपूट लावून अधिक मोठा करता येतो, संस्कृतात लघुतर लघुतम होतं, मराठीत आपल्याला 'पेक्षा' आणि 'सगळ्यात' घेऊनच जावं लागतं. खुद्द संस्कृतातसुद्धा 'कथयामास' आहेच, सांगितलं एवढंच म्हणायला दोन धातू जोडलेले. हा भाषेचा वळसा, तो घेतल्याशिवाय घरीच जाता येत नाही, त्यात कुणाची लबाडी नाही. लबाडी तिथे, जिथे सरळ रस्ता उपलब्ध असतो आणि माणूस मुद्दाम लांबून जातो. हे मी माझ्या शब्दात लिहिलंय, काकांनी याच्या तिप्पट वेळ घेतला, पण मुद्दा हाच.

लाइट आल्यावर अर्ज. मला हे माहीत नव्हतं आणि मास्तरांना तर नव्हतंच नव्हतं, की महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांच्या आत असावा असा राज्याचा 2012 चा नियम आहे. केंद्र सरकारच्या नियमात ती मर्यादा 500 आहे. म्हणजे इकडून पाठवायचं ते 150 शब्दात आणि तिकडून येणार 'करण्यात येत असून', पण असो. काकांनी व्यथित अंतःकरण पूर्ण उडवलं, करदाते उडवले, पावसाळ्यात घसरून पडलेल्या शेजारच्या आजोबांचा परिच्छेद उडवला (मला वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं हा तक्रारीत घाला, इथे नको), आणि चार ओळी राहिल्या. कामाच्या कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत. काम पूर्ण करण्याची ठरलेली तारीख. ठेकेदाराचं नाव. मुदत उलटल्यावर दंड लावला असल्यास त्याच्या नोंदीची प्रत. बास.

"रस्ता का नीट केला नाही, हे कुठेय?" मी विचारलं. तर म्हणे, का विचारायचं नाही. का विचारलं की ते निबंध लिहितात. कागद मागितला तर एकतर कागद द्यावा लागतो नाहीतर नाही म्हणून सही करावी लागते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प तिथेच शेजारी मिळाला, तो चिकटवला, पोच कशी घ्यायची ते सांगितलं, तीस दिवसात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील कुणाकडे करायचं तेही सांगितलं. एक पान, पन्नास रुपये आणि मजकुराचे वेगळे. मास्तरांचं जसंच्या तसं टाइप केलं असतं तर दोन पानांचे पैसे मिळाले असते त्यांना, हे पण लक्षात घ्या. पानावर पैसे घेणारा माणूस पानं कमी करतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

इथपर्यंत वाचून वाटेल की काका म्हणजे एकदम सरळ रोखठोक माणूस. अजिबात नाही! माझ्या नंतर एक जण आला, वडील गेलेले, पेपरला निधनवार्ता द्यायची होती. काकांचा आवाजच बदलला. मुलगा सांगत होता काय काय झालं होतं ते, कुठलं हॉस्पिटल, किती महिने, आणि काका मान हलवत ऐकून घेत होते आणि टाइप काय केलं तर "यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले". वर्षभर अंथरुणाला खिळलेल्यालाही आपल्याकडे आजार अल्पसाच असतो, आणि ते कुणाला खोटं वाटत नाही, कारण ते वाचणाऱ्याला माहिती द्यायला लिहिलेलंच नसतं. घरात माळकरी परंपरा आहे का एवढं विचारलं, हो म्हटल्यावर 'कैलासवासी'च्या जागी 'वैकुंठवासी' केलं, खाली दशक्रिया विधी रामकुंड, पंचवटी, वेळ सकाळची. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्या मुलानं वाचलं आणि म्हणाला, बरोबर आहे. त्याला जे घडलं ते लिहून नकोच होतं.

तर दोन्ही मजकुरात वळसाच आहे, 'करण्यात येत असून' मधे पण आणि 'अल्पशा आजाराने' मधे पण. फरक एवढाच की एक वाचणाऱ्याला चकवायला घेतलाय आणि एक समोरच्याला सांभाळायला. काकांच्या बोटांत हा फरक आहे, त्यांना तो समजावून सांगता येईलच असं नाही, पण टाइप करताना चुकत नाहीत. (जवळजवळ. पुढे येतेय मी त्यावर.)

तिसरा प्रकार मजेचा. एक मुलगी आली होती प्रतिज्ञापत्र करायला, एमपीएससीचा अभ्यास करणारी, हातात व्याकरणाचं गाइड. प्रिंटर अडकला म्हणून काकांनी तिला विचारलं, अलंकार झाले का? पर्यायोक्ती सांग. तिनं धडाधड व्याख्या म्हटली, गोष्ट सरळ न सांगता आडवळणानं सांगणे, उदाहरण, 'त्याचे वडील सध्या सरकारी पाहुणचार घेत आहेत'. हे उदाहरण प्रत्येक गाइडात आहे, मला वाटतं त्या वडिलांची जन्मठेपच आहे. काका म्हणाले हे ठीक आहे परीक्षेपुरतं, पण खरं उदाहरण ऐक. काश्मीरचा काव्यशास्त्रकार आनंदवर्धन, नववं शतक, त्यानं ध्वन्यालोक या ग्रंथात एक श्लोक दिलाय. विष्णूनं चक्राला आज्ञा दिली आणि त्या दिवसापासून राहूच्या बायकांच्या शृंगारात आलिंगन राहिलं नाही, नुसतं चुंबन उरलं.

ती मुलगी दोन सेकंद गप्प. मग तिला कळलं, राहूचं फक्त डोकं उरलंय, धडच नाही तर मिठी मारणार कशाला, आणि ती जी हसली की बाहेरचा स्टॅम्पवाला डोकावला. श्लोकात मुंडकं उडवलं असा शब्द कुठेही नाही. 'विष्णूनं राहूचं डोकं कापलं' हे सरळ वाक्य पुराणातलं झालं, वाचलं सोडून दिलं. या वळशानं गेलं की त्या बायका दिसतात, ज्यांचा विचार अमृतमंथनाच्या गोष्टीत कधी कोणी केलेला नसतो. सरळ वाक्यापेक्षा जास्त हाताला लागतं. सरकारी पत्रात उलटं, शब्द दुप्पट आणि हाताला काही नाही. भामह नावाच्या काव्यशास्त्रकारानं तर आनंदवर्धनाच्याही आधी याची व्याख्या करून ठेवलीय, वेगळ्याच प्रकारे सांगणं म्हणजे पर्यायोक्त, असंही काकांनी सांगितलं, पण तेवढ्यात प्रिंटर सुटला आणि विषय संपला. हा माणूस टायपिंगच्या दुकानात का बसलाय असं मनात आलंच, पण विचारलं नाही.

पण माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात भारी वळसा काकांचा नव्हता, एका आजीचा होता. निराधार पेन्शनचा फॉर्म भरायला आल्या होत्या नातवाबरोबर, बहुतेक पेठ तालुक्याकडच्या, नातू बाहेर फोनवर. काकांनी विचारलं मयत पतीचं नाव. आजी गप्प. काकांनी परत नाही विचारलं, थांबले नुसते. मग आजी पदर सारखा करत म्हणाल्या, "ते तपोवनात त्या रावणाच्या बहिणीचं नाक नाही का कापलं, त्यांचंच." काकांनी मान वर न करता 'लक्ष्मण' टाइप केलं. "आणि सासऱ्यांचं?" तर ते धाडकन सांगितलं, सासऱ्यांचं घ्यायला काही हरकत नव्हती बहुतेक. नवरा जाऊन किती वर्षं झाली असतील, नाव तोंडातून काढायचं नाही ते नाहीच. आपण लग्नात उखाणे घेतो ते आता मोबाइलवर शोधून पाठ केलेले असतात, भाजीत भाजी मेथीची छापाचे, आणि नाव तर शेवटी धडधडीत घेतोच. या आजींनी नाव न घेता नाव सांगितलं, आणि तेही नाशिकला ज्या नाकावरून नाशिक म्हणतात असं सांगतात त्याच नाकाचा पत्ता देऊन. पोरगा फोन ठेवून आत आला आणि म्हणे, "काय भो काका, झालं का आजोबांचं नाव टाकून?" झालं म्हणे.

आता कापलेला स्टार.

माझ्या मामेबहिणीला एक स्थळ आलेलं, मुलगा चांगला पण हिला नको होता, मामींना फोनवर नाही म्हणायचं धाडस होईना, म्हणून मीच म्हटलं काकांकडून चार ओळी लिहून घेऊ व्हॉट्सॲपवर पाठवायला. अशा कामाचे काका जास्त घेतात, आणि ते बरोबरच आहे, अर्जापेक्षा अवघड काम आहे हे. त्यांनी लिहिलं ते वाचायला फार गोड होतं, आपल्यासारख्या घराण्याशी संबंध जुळावेत ही आमचीही मनापासून इच्छा होती, परंतु मुलीचा पुढील शिक्षणाचा मानस असल्याने तूर्तास योग दिसत नाही. मी तेव्हाच म्हटलं काका हे 'तूर्तास' काढा. तर म्हणाले, "ताई, ते काढलं तर समोरच्याचा अपमान होतो. उद्या कुठल्या लग्नात शेजारी जेवायला बसावं लागेल." मामींनाही ते पटलं, तसंच पाठवलं.

दिवाळीनंतर त्या लोकांचा परत फोन. शिक्षण कुठवर आलं म्हणून! आम्ही थांबायला तयार आहोत म्हणाले. आणि ते बिचारे थांबले होते खरंच, मधे दुसरं स्थळ बघितलं नव्हतं. मामींना आता दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागलं आणि ते पहिल्यापेक्षा जास्त लागलं त्यांना. माझं म्हणणं असं की 'योग नाही' हाच पुरेसा मऊ वळसा आहे, तो सगळ्यांना कळतो, पत्रिका जुळत नाही म्हटलं तरी कळतं, पण त्यात अजून एक मऊ शब्द घातला की अर्थच पातळ होतो आणि समोरचा त्यातून त्याला हवं ते काढतो. काकांना जाऊन सांगितलं हे मी. त्यांचं मत बदललेलं नाही. माझंही नाही. म्हणून एक स्टार कमी.

लग्नपत्रिकेचा मजकूर मी करून घेतलेला नाही त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. 'करण्याचे योजिले आहे' वगैरे नेहमीचं आहे आणि लोकांना तेच हवं असतं. 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर' छापून पण पाकिटं येतातच, त्याला काका तरी काय करणार. बोलीत लिहून द्या म्हटलं तर देतात म्हणे, पण मग मुलाकडच्या आजोबांची परवानगी घेऊन या म्हणतात.

बाकी तक्रारी बारीकसारीक. पार्किंग नाही, गाडी घेऊन जाऊच नका, कोर्टाच्या वेळात तर अजिबात नाही. पंखा आवाज करतो. ऑनलाइन पेमेंटचा कोड चिकटवलाय पण तो मुलाच्या नावाचा आहे आणि पैसे आले का ते बघायला काका मुलाला फोन लावतात, त्यापेक्षा सुटे न्या. जुन्या फाँटमधे टाइप करतात, त्यामुळे फाइल मेलवर मागितली की समोरच्याकडे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. पीडीएफच मागा, किंवा आधीच युनिकोडमधे करा म्हणून सांगा, करतात पण थोडे कुरकुरतात. आणि जेवायला जाताना दाराला एक पुठ्ठा अडकवतात त्यावर लिहिलंय, "दुकान थोड्याच वेळात उघडण्यात येईल". मी काकांना विचारलं, कोण उघडणार? तर म्हणे, मुलगा लवकर आला तर मुलगा, नाहीतर मी, म्हणूनच तसं लिहिलंय. तास दीड तास धरून चाला.

सकाळी अकराच्या आत गेलात तर निवांत बोलतात, संध्याकाळी सहाला दुकान वाढवतात. रविवारी बंद. जाताना आधीची पत्रं, पोच, काय असेल ते सगळं घेऊन जा, तोंडी सांगितलेलं ते धरत नाहीत. आणि मजकूर स्वतः लिहून नेला असेल तर तो लांबलचक असल्याचं वाईट वाटून घेऊ नका, मास्तर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. आमच्या रस्त्याच्या अर्जाचे तीस दिवस अजून भरायचेत, उत्तर आलं की ठेकेदाराचं नाव मिळालं की नाही ते इथे टाकते.